भिंतीवरच्या पाच बंदुका

माझ्या वडिलांवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की आहे, कारण ती पंचनाम्यात लिहिलेली आहे. पंचनाम्यात वेळ आणि आकडा, एवढंच बरोबर आहे. बाकी त्यात लिहिलंय की निगडीच्या आमच्या राहत्या फ्लॅटमधून ‘पाच गावठी बंदुका’ जप्त केल्या. पाच होत्या. गावठी एकही नव्हती.

मी पत्रकं लिहिते. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर पहिल्या शिफ्टला कंत्राटी कामगारांच्या हातात जो कागद पडतो आणि पुढच्या वळणावर बसच्या खिडकीतून उडतो, तो बहुतेक माझा असतो. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते सांगायचं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याकडे मागायचं ते मागायचं आणि मध्ये कमीत कमी बोलायचं, असं मी शिकले. या वेळी मध्ये जास्त बोलावं लागणार आहे, कारण मधल्या भागात मीसुद्धा आहे.

पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. ज्या साच्यांवर पुढे हजारो पार्ट निघतात ते साचे जिथं बनतात, ती टूलरूम. तिथं तीस वर्षं काढली. मग नवीन मशिनं आली आणि जुन्या माणसांना शाल, नारळ आणि व्हीआरएस मिळाली.

लहानपणापासून दर एक जानेवारीला आम्ही भीमेकाठच्या स्तंभाला जातो. आई मेणबत्ती लावते, मी पुस्तकांच्या स्टॉलवर हरवते, आणि पप्पा दगडावरची नावं वाचत उभे राहतात. आजोबा सांगायचे, आपल्या घरातला कोणीतरी पलटणीत होता. त्याचं नाव त्या दगडावर नाही. घरात कागद नाही, काही नाही. पण पप्पांना नावाचं फारसं पडलेलं नव्हतं. एकदा परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा ते म्हणाले, “नावं आहेत गं. पण हातात जे होतं त्याचं वजन किती असेल?”

आई म्हणाली, “झालं. आता हे वजन करणार.”

तिचं खरं ठरलं. पप्पा पुण्यातल्या म्युझियममध्ये गेले. काचेमागे गारेच्या बंदुका होत्या. गारेची बंदूक म्हणजे काडतुसाच्याही आधीची. घोड्याच्या चिमट्यात गारेचा तुकडा असतो, चाप ओढला की तो पोलादी पातीवर घासून ठिणगी पडते, आणि ती नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आत जाते. हे सगळं पप्पांनी मला काचेवर बोट ठेवून सांगितलं. पहारेकरी म्हणाला, “काका, काचेला टेकू नका.” तीन वेळा म्हणाला. मग एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पप्पांच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाला, “ही विकायची नाही.” आमच्या मागून फार्महाऊसवाला एक माणूस आला, त्याला त्याच बंदुकीची किंमत सांगितली. ती ऐकून पप्पांनी मान हलवली आणि आम्ही बाहेर पडून उसाचा रस प्यायलो. मी चिडले होते. पप्पा म्हणाले, “चिडून काय करतेस, आपल्याला परवडत नाही हे त्याला आधीच कळलं. नजर चांगली आहे त्याची.”

पहिली बंदूक मिळाली ती भंगारात. पप्पांचे एक मित्र आहेत, त्यांना मी काका म्हणते. मूळचे चिखलीचे, तिथलेच. त्यांची शेती होती तिथं आता गोडाऊनं आहेत; उरलेल्या तुकड्यावर पत्र्याचं शेड, त्यात एक लेथ आणि एक ड्रिल मशीन. एक दिवस ते भंगारवाल्याकडे लोखंड बघायला गेले आणि तिथूनच फोन केला.

“राव, तुझी म्हातारी घावली बघ.”

“कोण म्हातारी?”

“आरं, बंदूक! पायपांच्या ढिगात पडलीया. दस्ता अर्धा किड्यानं खाल्लाय, घोडा न्हाईच. पण हाय ती त्येच. लवकर ये, हा पठ्ठ्या तिला गॅस कटरनं कापाया निघालाय.”

भंगारवाल्याने ती लोखंडाच्या भावात वजन करून दिली. पप्पांना वजन कळलं ते असं, भंगाराच्या काट्यावर.

नळी आतून माती आणि गंजाने गच्च होती. टूलरूमच्या माणसाला गंज बघवत नाही. पप्पांनी पॉलिशपेपर घेतला आणि नळीच्या तोंडाकडून घासायला सुरुवात केली. एक इंच चकाकायला लागला आणि ते थांबले. मग पॉलिशपेपर ठेवून दिला. म्हणाले, “हा गंज तिचा आहे. मी कोण काढणारा?” तो एक इंच तसाच राहिला, पायताणाच्या नव्या खिळ्यासारखा चमकत.

पण म्हातारीला घोडाच नव्हता, त्यामुळे ती कशी चालायची ते दिसत नव्हतं. म्हणून नकला. उत्तरेकडच्या एका गावात या बंदुकांच्या नकला बनवतात. परदेशात जुन्या लढायांची सोंगं काढणारी हौशी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी. इथं मागवली तर ‘शोभेची वस्तू’ म्हणून येते, नळीला ते भोक न पाडता. भोक नाही म्हणजे ठिणगी आत जात नाही, म्हणजे ती बंदूक नाही, बंदुकीच्या आकाराचं लाकूड-लोखंड आहे. चार वर्षांत पप्पांनी अशा चार मागवल्या, दर दिवाळीला एक. आई म्हणायची, दुसऱ्यांच्या घरी दिवाळीला फ्रीज येतो.

प्रत्येक नक्कल आली की पप्पा ती टेबलावर चादर टाकून उघडायचे आणि तपासायचे. स्क्रूचा आटा चुकीचा. पाती मऊ, ठिणगी पडत नाही. दस्त्याची वळणं घाईत घासलेली. मग ते कारखान्याला पत्र लिहायचे, सोबत हाताने काढलेलं ड्रॉइंग. एकदा तिकडून फोन आला. “अंकलजी, शोपीस है. दीवार पे लगाइए ना.”

पप्पा हिंदीत म्हणाले, “दीवार को भी दिखता है.”

हॉलच्या भिंतीवर एकेक करत पाचही लागल्या, मधोमध म्हातारी. आमच्या सोसायटीत त्याची जत्रा झाली. शिवजयंतीला लोक फेटे बांधून यायचे, दसऱ्याला झेंडूची माळ घेऊन. पप्पा माळ नको म्हणायचे, पण बंदूक हातात द्यायचे आणि धरायची कशी ते शिकवायचे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी नऊवारीत आल्या होत्या. सेक्रेटरी तर मिशीला पीळ देऊन तीन फोटो काढून गेले. एक फोटो नीट आला नाही म्हणून परत आले. “काका, म्युझियम आहे तुमच्याकडे, म्युझियम!” असं तेच म्हणाले. हे मी ऐकलेलं आहे.

आता चूक. ती पप्पांची होती आणि तेही कधी नाही म्हणाले नाहीत.

चौथी नक्कल चांगली आली. फार चांगली. आटे बरोबर, पाती कडक, ठिणगी पडली तेव्हा पप्पांनी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. पण मग रोज सकाळी चहा घेताना ते तिच्याकडे बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे. मी विचारलं काय झालं. म्हणाले, “एक ऑपरेशन राहिलंय.”

“कसलं ऑपरेशन?”

“होल. ड्रॉइंगमध्ये आहे, पार्टमध्ये नाही. असा पार्ट मी आयुष्यात पास केला नाही.”

मी म्हणाले, पण तो मुद्दामच नाही पाडलेला ना? ते म्हणाले, माहितीये. त्यांना खरंच माहीत होतं. पण तीस वर्षं ज्याने अर्धवट पार्टवर लाल खूण करून परत पाठवला, त्याच्या भिंतीवर रोज एक अर्धवट पार्ट लटकत होता. एका रविवारी ते ती चादरीत गुंडाळून काकांच्या शेडवर गेले. मीही होते, मागे डबा घेऊन.

काका म्हणाले, “राव, कशापाय? दारू भरणार हाय का तू?”

“दारू कुठली. मला फटाक्याचा आवाज सहन होत नाही.”

“मग?”

“पूर्ण असावी, इतकंच.”

“आता काय बोलावं ह्येला,” असं म्हणत काकांनी ड्रिल मशीन पप्पांच्या ताब्यात दिलं. दोन मिनिटांचं काम. पप्पांनी भोकातून एक तार घातली, ती नळीत गेल्याचा बारीक आवाज ऐकला आणि हसले. मी त्यांना कंपनीतून निघाल्यापासून तसं हसताना पाहिलं नव्हतं. आम्ही तिघांनी शेडमध्ये पिठलं-भाकरी खाल्ली. इतकंच झालं.

आता माझी चूक. त्या महिन्यात मी टूलरूमच्या जुन्या कामगारांवर पत्रक लिहीत होते. ज्यांना मशीन आल्यावर घरी पाठवलं त्यांच्या हातात काय कसब आहे, असा विषय. मला उदाहरण हवं होतं आणि ते घरातच होतं. चौथी नक्कल हातात घेतलेल्या पप्पांचा फोटो छापला. खाली लिहिलं: “कंपनीने निकामी ठरवलेल्या या हातांनी दोनशे वर्षांपूर्वीची बंदूक पुन्हा जिवंत केली. आज ती बार काढू शकते.” पप्पांनी बार काढायचा विचारही केला नव्हता. घरात दारूचा कण नव्हता. पण असं वाक्य लिहिलं की कागद खिशात जातो, आणि ‘एका निवृत्त कामगाराने शोभेच्या वस्तूला एक भोक पाडलं’ असं लिहिलं की बसच्या खिडकीतून जातो. मी त्यांना विचारलं नाही. दाखवलंही नाही. पत्रक चाकणच्या गेटवर वाटलं, कोणीतरी फोटो काढून पुढे पाठवला, आणि फिरत फिरत तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. सेक्रेटरींनी अर्ज लिहिला. ‘सोसायटीतील महिला व बालकांच्या सुरक्षिततेचा विचार करता’ अशी त्याची सुरुवात होती. खाली अकरा सह्या होत्या. ज्यांनी फोटो काढले होते त्यांच्याच, हे सांगायला नको, पण सांगते.

मंगळवारी पोलीस आले तेव्हा फौजदाराच्या हातात माझं पत्रक होतं. माणूस वाईट नव्हता. बूट काढून आत आला. म्हणाला, “काका, यात लिहिलंय ती कुठली?”

पप्पांनी ती स्वतः काढून दिली. नुसती दिली नाही, खिशातून तार काढून भोकात घालून दाखवली. “साहेब, हिला आहे. बाकी तिघींना नाही, तपासून घ्या. आणि ही मधली जुनी आहे, हिची नळी बंद आहे, तीही तपासून घ्या.” जणू कंपनीत बाहेरचे इन्स्पेक्टर आले होते आणि आपला दोष आपणच आधी दाखवायचा होता.

फौजदार माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, यांना गप्प राहायला शिकवा.”

पाचही नेल्या. म्हातारीसुद्धा. मी ओरडले, नळी मातीने भरलीये, दिसत नाही का? हवालदार म्हणाला, “ताई, ते लॅब सांगेल.” पंच म्हणून आमचा वॉचमन आणि खालच्या वहिनींचे मिस्टर. दोघांनी न वाचता सही केली. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दार चार बोटं उघडं होतं. पोत्यातून नळ्या बाहेर आलेल्या होत्या आणि पप्पा मागून सांगत होते, “दस्ता खाली आपटू देऊ नका, दस्ता.”

पप्पांना अटक झाली आणि लगेच जामीनही झाला. रात्री जेवताना पप्पांनी पंचनाम्याची प्रत पुन्हा वाचली. विनापरवाना शस्त्र, कलम, तारीख, सगळं वाचून झालं आणि म्हणाले, “गावठी लिहिलंय. फिनिश बघितला नाही का यांनी?”

मी सांगितलं, पप्पा, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, “तुझं वाक्य चुकीचं होतं. पण होल तर मीच पाडला.” त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आम्ही दर सोमवारी पोलीस ठाण्यात जातो, बंदुका परत मागायला. ठाण्याच्या बाहेर एक बाक आहे, त्याची एक फळी ढिली आहे, पप्पांनी दुसऱ्याच सोमवारी घरून पाना आणून ती आवळली. लॅबचा रिपोर्ट आलेला नाही. साहेब बंदोबस्ताला आहेत. साहेब बदलून गेले. नवीन साहेबांनी फाइल बघायची आहे. मी आधी भांडायचे. आता भांडत नाही. मी लोकांना ‘उठा, संघटित व्हा’ असं लिहून देते आणि स्वतः सोमवारी दीड वाजेपर्यंत बाकावर पेंगते. इतकं थकायला होतं की घरी आल्यावर पत्रकाची पहिली ओळसुद्धा सुचत नाही.

जप्त मालाच्या खोलीचा कारकून पप्पांच्या वयाचा आहे. त्याने एकदा दारातून पोतं दाखवलं. पोत्याच्या तोंडातून पाच नळ्या दिसत होत्या, चार नवीन आणि एक काळी, तिच्या टोकाला तो एक इंच. तिथली भिंत ओली होती. त्या इंचावर लाल ठिपके आले होते. पप्पांच्या खिशात तेलाची लहान बाटली होती. “दोन थेंब लावू का?”

“अहो, मुद्देमालाला हात लावता येत नाही.”

“तुम्ही लावा मग.”

“मलाही नाही येत.” मग आवाज खाली घेऊन त्याने जे सांगितलं, ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. विनापरवाना हत्यारं, ज्यांच्यासाठी कोणी कोर्टात ठोस पुरावा मांडत नाही, ती शेवटी एकत्र करून नष्ट करतात. वितळवतात.

पप्पांनी विचारलं, “कुठल्या भट्टीत?” कारकून गोंधळला. पप्पांना खरंच जाणून घ्यायचं होतं. भंगारवाल्याच्या कटरखालून जी वाचवली ती आता सरकारी शिक्क्यानं जाणार, आणि तिथं फोन करायला काका नसणार.

आमच्या वकीलबाई म्हणतात, भोक पाडलेली सोडून द्या, ती परत मागू नका. पप्पा लगेच कबूल झाले. “ती माझी चूक, ती वितळवा.” बाकी तीन नकलांच्या पावत्या आहेत. प्रश्न म्हातारीचा आहे. तिची पावती नाही, भंगारवाला कुठे गेला माहीत नाही. त्यामुळे दोन-तीन शेजाऱ्यांनी कोर्टात सांगावं लागेल की ती वर्षानुवर्षं भिंतीवर होती, गंजलेली, बंद नळीची, आणि सगळ्या सोसायटीने हातात घेतलेली. फोटो असले तर उत्तम. इतकंच हवंय.

काका तयार होते. “म्या सांगतो की. माझ्याच मशिनीवर भोक पाडलं, त्येबी सांगतो. काय फाशी देणार हायेत?”

पप्पा त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. “तू तोंड उघडायचं नाहीस. तुझं शेड सील होईल. गप बस.”

“आरं पर राव...”

“नाही म्हणलो ना!”

काका लेथवरचा कीस गोळा करायला लागले. मग म्हणाले, “म्हातारी म्या शोधली व्हती.”

म्हणून मी दारोदार फिरले. पत्रक वाटताना फिरते तशी, तळमजल्यापासून. “ताई, आमचं नाव कुठं यायला नको.” “ताई, मुलाचं पासपोर्ट व्हेरिफिकेशन आहे.” “तुम्ही छापलंत म्हणून झालं ना हे सगळं?” हे शेवटचं खरं होतं. सेक्रेटरींनी चहा दिला. म्हणाले, “तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण अर्ज मीच दिलाय, आता मीच कसं सांगू?”

मी म्हणाले, तुमचा मिशीवाला फोटो तरी द्या.

“डिलीट केला हो तो. लगेच केला.”

“तिन्ही?”

ते म्हणाले, बिस्किट घ्या.

पुढच्या सोमवारी तारीख आहे. वकीलबाईंनी अर्ज तयार ठेवलाय, साक्षीदारांच्या नावांची जागा कोरी आहे. पप्पांनी शर्ट इस्त्री करून ठेवलाय आणि तेलाची बाटली भरून.

त्या अकरा सह्यांपैकी एक तुमची असेल तर ती मागे घ्या असं मी म्हणत नाही. ती राहू दे. तिच्या खाली अजून एक ओळ लिहा. तुम्ही ती बंदूक हातात धरली होती. ती जड होती, गंजलेली होती, तिच्या टोकाला एक इंच चमकत होता आणि एका माणसाने तुमची कोपरं नीट धरून तुम्हाला उभं राहायला शिकवलं होतं. तुमच्या बायकोच्या मोबाईलमध्ये बघा, आईच्या मोबाईलमध्ये बघा, गावाकडच्या ग्रुपवर मिरवायला पाठवला होतात तिथं बघा. तो फोटो सापडेल. आणि तुम्ही आमच्या सोसायटीतले नसाल, पण इथल्या कोणाला ओळखत असाल, तर हा मजकूर आज त्याच्या हातात द्या, घडी घालून ठेवू नका.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पिंपरीच्या कोर्टात या. फोटो घेऊन या. आणि आपलं नाव सांगून, मोठ्याने, एवढंच बोला: ती भिंतीवर होती, मी तिला हात लावला होता.